मनगटावरचा पट्टा

६ जानेवारी

प्रिय काका,

फोनवर तुम्ही म्हणालात, "लिहून पाठव, मला ऐकलेलं राहत नाही." म्हणून हे पत्र.

आमच्या कलादालनात एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे आणि मला त्यात एक अख्खी भिंत मिळाली आहे. तिथे तुमच्या हातचा बुद्ध लावायचा आहे. नेहमीसारखाच, सरस-खडू चढवलेल्या कापडावर, दगडापासून केलेल्या रंगांत, माणसाएवढा उंच. छतावर एक प्रोजेक्टर असेल. तो चित्रावर उजेडाची एक बारीक रेघ टाकेल. ती रेघ कॉम्प्युटरच्या मनची नसेल. चित्र काढताना तुमचा हात जसा फिरला, जिथे अडला, तसाच तो उजेड फिरेल आणि अडेल. लोकांना चित्र दिसतं, काढणारा हात कधीच दिसत नाही. मला तो दाखवायचा आहे.

सोबत एक पट्टा पाठवते आहे. घड्याळासारखा उजव्या मनगटाला बांधायचा आणि काम करायचं. आठ दिवस पुरेत. नंतर चित्र आणि पट्टा दोन्ही पाठवा.

कराल ना? तुमच्याशिवाय हे दुसऱ्या कुणाचं काम नाही.

काकूला नमस्कार.

तुमची भिंगरी

१४ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत नाही.

पट्टा पोचला. खोका एका बाजूने दबलेला होता. तू दाबलास की टपालवाल्याने, ते मला ठाऊक नाही, पण मी दाबला नाही हे आधीच सांगून ठेवतो. आत कागदावर काही छापलेलं आहे, ते माझ्या सातवीच्या पलीकडचं आहे. हिरवा दिवा लागतो तो चांगला की वाईट? सरसाचा हात लागला तर चालेल का? चार्जिंगला लावून मी खोलीबाहेर जात नाही. लोक सांगतात अशा वस्तू पेट घेतात.

आता एक नीट विचारतो, नीट उत्तर दे. त्या यंत्राला हाताचं काय काय कळतं? हात हलला एवढंच, की कसा हलला तेही? आणि ते तू एकटी बघणार, की सगळं ऑफिस?

काकूला अजून दाखवलेला नाही. ती उगाच हसते.

काका

२२ जानेवारी

प्रिय काका,

हिरवा दिवा चांगला. सरस लागला तर ओल्या फडक्याने पुसा. पट्टा पेट घेणार नाही.

त्याला ना कान आहेत ना डोळे. हात हलला की तो लिहून ठेवतो, एवढंच धरून चाला. बघणार मी आणि दालनाच्या बाई, बस्स. रोज दोन-तीन तास दिवा हिरवा राहिला की माझं काम झालं. तुम्ही चित्राकडे लक्ष द्या, पट्ट्याला विसरून जा.

काकूला नमस्कार.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

चित्र आणि पट्टा आज रवाना केले. नळीला तीन ठिकाणी सुतळी बांधली आहे. मधली गाठ आधी सोड, नाहीतर कापड एका टोकाला सरकेल. पट्ट्यावर आठही दिवस दिवा हिरवा होता, मी स्वतः बघत होतो.

चित्र इतक्या लवकर कसं झालं असं मनात आणू नकोस. हात बसलेला असला की होतं. कापडाला घडीचा वास येईल, तो पेटीचा आहे, दोन दिवस वाऱ्यावर ठेवलंस की जाईल.

पोचल्याचं कळव. न कळवलंस तर मी पोस्टात जाऊन विचारणार, आणि तिथला कारकून मला बघितलं की खिडकी लावून घेतो.

काका

२६ फेब्रुवारी

प्रिय काका,

पोचलं! मधली गाठ आधी सोडली.

आता सांगते ते बसून वाचा. पट्ट्यातली नोंद मी कॉम्प्युटरवर उघडली. मला वाटलं होतं चेहरा दिसेल, खांद्याची उतरती रेघ दिसेल, कमळाच्या पाकळ्या दिसतील. यातलं काहीच नाही. वर्तुळं आहेत. नुसती वर्तुळं! हजारो, एकावर एक, आठ दिवस. काही संथ, काही भरभर, मध्येच थांबलेली. दालनाच्या बाई म्हणाल्या, "पट्टा बिघडला असेल." मी म्हटलं, यंत्र बिघडलं तर कचरा येतो, इतकी गोल लय येत नाही.

मग माझ्या लक्षात आलं. तुम्ही रेघ ओढण्याआधी रिकामा हात असाच फिरवत बसत असणार. ध्यानाला बसावं तसं. रेघ क्षणाची, तयारी तासांची. काका, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत!

मी सगळा बेतच बदलला. आता उजेड बुद्धाच्या डोक्यामागे फिरेल, प्रभावळीसारखा. एकेका दिवसाचं एकेक कडं, हाताच्या खऱ्या गतीने. तुमचा हात थांबला तिथे उजेडही थांबेल. काल पहिल्यांदा लावून बघितलं. छापलेल्या कागदावर तोच उजेड पडला की मेल्यासारखा पडतो. तुमच्या दगडाच्या निळ्यावर पडला आणि रंगाचा कण न् कण जागा झाला. बाई खुर्ची ओढून बसल्या त्या उठेनात.

ही वर्तुळं म्हणजे तेच ना, जे मी समजले?

काकूला नमस्कार.

भिंगरी

५ मार्च

भिंगरे,

हो. तेच. आमच्याकडची जुनी रीत आहे. वडीलही फिरवायचे. यावर फार लिहिण्यासारखं काही नाही आणि तूही लोकांना फार सांगू नकोस.

प्रोजेक्टर गरम होतो का? चित्रापासून किती लांब आहे? सरस उष्णतेने सुटतो.

आणखी एक. पुढच्या पत्रात काकूच्या प्रकृतीची दोन ओळींत चौकशी कर. रक्तदाब कसा आहे वगैरे. तिला बरं वाटेल. का ते विचारू नकोस.

काका

१४ मार्च

प्रिय काका,

काकूला काय झालंय? तुमचं पत्र वाचल्यापासून जिवाला घोर लागला आहे. रक्तदाब वाढलाय का? मला लपवू नका.

प्रोजेक्टर चार हात लांब आहे, चित्राला ऊब लागत नाही.

एक मोठी बातमी. बाईंनी ठरवलं आहे की उद्घाटनाला तुम्ही यायचं. भाषण नाही, घाबरू नका. नुसतं चित्रासमोर बसून, पट्टा बांधून, ती वर्तुळं लोकांपुढे फिरवायची. दहा मिनिटं. त्याच वेळी उजेड तुमच्या हाताबरोबर भिंतीवर फिरेल. भिंतीशेजारच्या पाटीवर मी लिहिलं आहे: "एका चित्रकाराचा हात. रेघेआधीची शांतता." खाली तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत. पाटी पुढच्या आठवड्यात छापायला जाईल.

तिकिटं मी काढते. काकूला घेऊनच या, इथे चांगल्या डॉक्टरांना दाखवू.

भिंगरी

२० मार्च

भिंगरे,

पाटी छापू नकोस. गेली असेल तर परत मागव. हे पत्र मिळाल्याबरोबर आधी ते कर आणि मग पुढचं वाच.

ती वर्तुळं माझी नाहीत. काकूची आहेत.

दीड वर्ष झालं, माझा उजवा हात कापतो. जेवताना कमी, रेघ ओढताना जास्त. कप दोन्ही हातांनी धरतो आणि थंडी आहे म्हणतो. उन्हाळ्यातही तेच म्हणालो. तुझा पट्टा आला तेव्हा मी खरंच कापड ताणलं, सरस-खडू दिला, गोट्याने घासून गुळगुळीत केलं आणि बसलो. खालच्या ओठाची रेघ घेतली. मुंगी चालत गेल्यासारखी आली. पुसली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा पुसताना खडूच निघून आला आणि खालचं कापड दिसलं. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

मग मी पेटी उघडली. तुझ्याकडे आहे तो बुद्ध सात वर्षांपूर्वीचा आहे. ज्यांनी सांगितला होता ते न्यायला आलेच नाहीत, म्हणून राहिला होता. म्हणून घडीचा वास.

उरला पट्टा. तो बांधून मी काही केलं असतं तर कापरं तुला आणि बाईंना दिसलं असतं. तू लिहिलं होतंस, हात हलला की झालं. मी अडाणी, मला वाटलं कुणाचाही हलला तरी झालं. काकू त्या आठवड्यात रंग घोटायला बसणारच होती. मी तिला म्हणालो, "भिंगरीने तुझ्या रक्तदाबासाठी पाठवलाय. मनगटाला बांध, तिला तिकडे नाडी कळते." ती किती हरखली ते काय सांगू. आठ दिवस पट्टा बांधून पाट्यावर दगड फिरवत बसली. पाणी आणायला जाताना पट्टा पदराने झाकायची, ऊन लागू नये म्हणून. शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून आली, आमची पुतणी तिकडून माझी नाडी बघते. मग तुझं पोचल्याचं पत्र आलं आणि तिने विचारलं, "माझं काय लिहिलंय?" "नमस्कार लिहिलाय." "नाडीचं?" "नाडीचं नाही." दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्या न विचारण्याने मला जास्त लागलं. म्हणून तुला ते रक्तदाबाचं लिहिलं. तिची तब्येत ठणठणीत आहे.

तरीही मी गप्प बसलो असतो, खरं सांगतो. मोठ्या अक्षरांतलं नाव मला हवंसं वाटलं. आमच्यात चित्रावर नाव घालत नाहीत, जन्मभर कुठे लिहिलं नाही, आणि म्हातारपणी अशी हाव सुटली. पण लोकांपुढे हात फिरवून दाखवायचं वाचलं तेव्हा मात्र पुढे जाववेना. ज्याचं चित्र काढून पोट भरलं त्याने पाच गोष्टी सांगितल्या, त्यातली एक खोटं न बोलण्याची. ती मी तुझ्याशी मोडली, काकूशी मोडली, आणि आता दहा मिनिटं बसून सगळ्या दालनाशी मोडणार होतो.

परवा काकूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं बोललो, हाताचंही. ती म्हणाली, "हाताचं काय सांगताय? दीड वर्ष मी तुम्हाला अर्धाच कप चहा ओततेय, तो कशासाठी वाटला? चहा परवडत नाही म्हणून?"

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता ना इतकं जीव तोडून. म्हटलं, एवढी मेहनत करताहेत तर करू दे."

हाताचं तिने हसण्यावारी नेलं. नाडीचं नाही. त्यावर दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी एवढंच म्हणाली, "म्हणजे त्या पोरीला मी पट्टा बांधलाय हे ठाऊकच नव्हतं."

आता तू काय ते ठरव. प्रदर्शन मोडलं तर दोष माझा. बाईंना माझं नाव सांगून लिही, तू यात नव्हतीस.

काका

२८ मार्च

काका,

पाटी थांबवली.

पत्र मी बाईंच्या खोलीतच वाचलं. आधी रागावले. महिनाभर मी लोकांना त्या रेघेआधीच्या शांततेबद्दल सांगत सुटले होते! मग दार लावून ती वर्तुळं पुन्हा बघितली, आणि राग माझ्याकडे वळला. लहानपणी मी सुट्टीला तुमच्याकडे यायचे, तेव्हा काकू रंग घोटत बसलेली असायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे. तिचा हात फिरायचा तसं माझं डोकं हलायचं. तीच लय पडद्यावर आली, आणि मी तिला ध्यान म्हणाले, तुमचं म्हणाले. ती घोटणाऱ्या बाईची असेल हे मनातसुद्धा आलं नाही. आणि दर पत्राच्या शेवटी एक कोरडा नमस्कार.

तुमची कापरी रेघही मला चालली असती असं गोड लिहायला घेतलं होतं, पण खोडलं. चालली असती की नाही, मला ठाऊक नाही. आता ते कळणारही नाही. डॉक्टरांकडे मात्र जा. हे विचारत नाही, सांगते आहे.

प्रदर्शन मोडत नाही. बाई म्हणाल्या, "चित्र खरं आहे, वर्तुळं खरी आहेत, खोटी होती ती पाटीच." नवी पाटी अशी: रेघ तुमची, सात वर्षांपूर्वीची. रंग काकूने घोटलेले, तेव्हाचेच. वर्तुळंही काकूची, या वर्षीची. दोघांची नावं एकाच आकारात. पण काकूने हो म्हटल्याशिवाय तिचं नाव लावणार नाही. हे तिला वाचून दाखवा, आणि या वेळी सगळं वाचा.

काकू, मला माफ कर. तू हो म्हणशील का?

भिंगरी

३ एप्रिल

भिंगरी,

मीच लिहिते आहे. यांनी सगळं वाचून दाखवलं, आणि मग मी स्वतः वाचून खात्री केली. आता दिवस तसे आले आहेत.

माझं नाव लावायचं तर लाव. लोकांपुढे बसून मी काही घोटून दाखवणार नाही. बायकांनी पाट्यावर बसणं काय बघायचं, ज्यांना बघायचंय त्यांनी आपापल्या घरी बघावं. रेघ यांची आहे ते वर लिही, आधी रेघ असते, मग रंग. आणि मी आठ दिवस एकच रंग घोटला नाही. दोन दिवस हिरवा, तीन दिवस निळा, एक दिवस शेंदरी, दोन दिवस पुन्हा निळा, कारण पहिला कमी पडला. पाटीवर आलं पाहिजे.

नाडीसाठी यंत्र नको. महिन्याला एक पत्र टाक, त्यात नुसतं मलाच लिही.

यांना डॉक्टरकडे नेलं. वयाचं आहे म्हणाले. गोळी देतो, पण रेघेची हमी देत नाही.

काकू

२९ एप्रिल

भिंगरे,

आम्ही तुझी भिंत बघून आलो. उद्घाटनाला आलो नाही म्हणून तू रागावली असशील, पण गर्दीत माझा हात जास्त कापतो. मंगळवारी न सांगता आलो. तू दुसऱ्या गावी काम लावायला गेल्याचं दारावर कळलं. मला वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं. म्हणून काय झालं ते लिहितो.

खोलीत आधी काही दिसेना. मी काकूचा दंड धरला, पायरी असेल या भीतीने. पायरी नव्हती. मग समोर बुद्ध दिसला आणि त्याच्या डोक्यामागे तो उजेड हळूहळू फिरत होता. काकू पुढे पुढे जायला लागली. पहारेकरी म्हणाला, "बाई, जमिनीवरच्या पट्टीच्या मागे राहा."

ती म्हणाली, "अहो, हे माझंच आहे."

तो म्हणाला, "इथे बरेच जण असं म्हणतात. मागे राहून म्हणा."

ती मागे आली, पण डोळे तिथेच. जरा वेळाने म्हणाली, "हा हिरवा."

मी म्हटलं, "अगं, उजेड पांढरा आहे."

"उजेडाचं सांगत नाही. हात बघा. हिरव्याला असा दाबून फिरवते मी." मग तिसरं कडं सुरू झालं तशी म्हणाली, "आता निळा लागला. बघा कसा सावकाश झाला. निळ्याला जोर केला की रंग उतरतो." उजेड एका जागी अडला. "इथे तुम्ही खोकलात. मी थांबून ऐकलं, पुन्हा खोकता का." पुढे एकदा तो फार वेळ अडला तेव्हा मी विचारलं, "आणि इथे?" ती म्हणाली, "इथे तुम्ही दारात येऊन पट्ट्याचा दिवा बघून गेलात. मला वाटलं, मला बघायला आलात."



पहारेकरी जवळ येऊन ऐकायला लागला होता. आणखी तीन-चार माणसं उभी राहिली. काकूने त्यांना शेंदरी ओळखून दाखवला. शेंदरी सोपा, म्हणाली, तो पोरीसोरीही घोटतील. एका बाईने तिला वाकून नमस्कार केला तर ही म्हणाली, "मला नको, मागे तो बसलाय त्याला करा."

माझी रेघही बघितली. परक्याची बघावी तशी बघितली. चांगली आहे. डाव्या गुडघ्याशी थोडी जाड झाली आहे, ती कुणाला सांगू नकोस. पाटीवरची नावं एकाच आकारात आहेत, मी बोट लावून मोजली, पहारेकऱ्याने त्यालाही हटकलं.

घरी आल्यावर मी एक कुंचला सोडून बाकीचे धुऊन गुंडाळून ठेवले. तो एक का ठेवला ते मलाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी काकू पाट्यावर बसली तेव्हा तिच्या समोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "मला शिकव."

तिने माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं नाही. दगड माझ्यापुढे सरकवला. दगड जड आहे, त्यावर दोन्ही हात ठेवले की कापरं बरंच दबतं. मी खूश झालो आणि जोर केला. तासाभराने तिने वाटी उजेडात धरली.

"वाटीभर निळ्याचं पीठ केलंत," ती म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्या रंगावर रेघा ओढल्यात, एकदा तरी बघायचं होतं तो होतो कसा."

आता मला निळ्याला हात लावायची परवानगी नाही. हिरव्यालाही नाही. उद्यापासून खडू घोटायचा आहे. खडू कुणालाही बिघडवता येत नाही, असं ती म्हणते. मला तेवढी खात्री वाटत नाही, पण सकाळी लवकर बसणार आहे.

काका